अनोळखी माणसांना आम्ही किती उत्तरं द्यायची?

कृष्णाकाठ (धागाकर्ता)

मी ट्रान्स पुरुष आहे, म्हणजे जन्माला आलो तेव्हा मुलगी म्हणून नोंद झाली, पण मी पुरुष आहे. मूळ सांगलीकडचा, सध्या पुण्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन. सकाळी घरोघरी जाऊन रक्ताचे नमुने घ्यायचे आणि दुपारी लॅबमध्ये बसायचं, असं काम. इथे वाचतो बरंच, लिहितो कमी. "तुम्ही लोकांनीच पुढे येऊन सांगितलं पाहिजे, नाहीतर समाजाला कळणार कसं?" हे मला इतक्या वेळा ऐकवलं गेलंय की त्यावर एकदा नीट बोलायचं आहे.

सांगायला माझी ना नाही. पण कुणाला, कधी आणि किती, हे कोण ठरवणार?

परवा एका आजोबांचं रक्त घ्यायला गेलो होतो. दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपली, स्पिरिटचा बोळा फिरवला. सुई आत गेली आणि शेजारी उभ्या असलेल्या त्यांच्या मुलाने विचारलं, "तुमचा आवाज असा कसा? म्हणजे तुम्ही आधी...?" सुई शिरेत असताना मी कुणाशी वाद घालत नाही, म्हणून नळी भरेपर्यंत गप्प राहिलो. त्याने गप्प राहण्याचा अर्थ होकार असा घेतला असावा, कारण पुढचा प्रश्न थेट ऑपरेशनचा होता. त्याच्या पुढचा मी इथे लिहीत नाही. तो त्याने वडिलांसमोर, मी जांभळ्या झाकणाची नळी हलवत असताना विचारला. आजोबा बिचारे भिंतीकडे बघत बसले होते. मी लेबल लावलं, पावती दिली आणि निघालो.

आता दुसरी बाजू. मीसुद्धा दिवसभर लोकांना खासगी प्रश्न विचारतो. रात्री शेवटचं कधी खाल्लं, रक्त पातळ करायची गोळी चालू आहे का, पाळी कधी आली होती, दिवस गेलेत का. स्त्री की पुरुष हेही फॉर्मवर भरून घेतो, कारण हिमोग्लोबिनची नेहमीची मर्यादा रिपोर्टवर पुरुषांना साधारण १३ ते १७ आणि स्त्रियांना १२ ते १५ अशी छापतात. पण यातल्या प्रत्येक उत्तरावर मला काहीतरी करायचं असतं. पेशंट उपाशी नसेल तर मी उपाशीपोटीची साखर घेत नाही. गोळी चालू असेल तर बोळा जास्त वेळ दाबून धरायला सांगतो. आजोबांच्या मुलाला माझी सगळी उत्तरं मिळाली असती तर त्याने काय वेगळं केलं असतं?

माझी कसोटी एवढीच आहे. उत्तर मिळाल्यावर तुम्ही काय करणार आहात? डॉक्टर असाल, औषध द्यायचं असेल तर विचारा, मी सगळं सांगेन. मित्र असाल तर विचारायच्या आधी मीच सांगितलेलं असेल. बाकीच्यांना माझ्या शरीराचा हिशेब कशाला हवा?

१५ एप्रिल २०१४ ला सर्वोच्च न्यायालयाने नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्यात सांगितलं की आपली लिंगओळख ठरवायचा हक्क ज्याचा त्याचा आहे आणि त्यासाठी शस्त्रक्रियेचा आग्रह धरता येणार नाही. मग २०१९ चा ट्रान्सजेंडर व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आला. त्याच्या २०२० च्या नियमांत लिहिलं होतं की प्रतिज्ञापत्रावरून जिल्हाधिकाऱ्यांनी ओळखीचं प्रमाणपत्र द्यावं, शारीरिक तपासणी करू नये. मी अर्ज केला तेव्हा टेबलापलीकडच्या माणसाने पहिलं वाक्य उच्चारलं ते "डॉक्टरचा दाखला कुठाय?" नियमाची छापील प्रत माझ्या पिशवीत होती म्हणून निभावलं. ज्याच्या पिशवीत ती नसते, त्याने काय करायचं?

तुमचे अनुभव लिहा. ट्रान्स नसाल तरी लिहा.

---

आडवाट

विषय महत्त्वाचा आहे. तुम्हाला त्या घरी जे ऐकावं लागलं ते वाईटच. पण एक गोष्ट पटली नाही. मी साठी ओलांडलेला माणूस. आमच्या पिढीला या विषयातलं काही शिकवलं गेलं नाही. शाळेत नाही, घरात तर नाहीच. आता ऑफिसात, शेजारी अशी माणसं भेटतात, आणि चुकीचं वागू नये म्हणूनच काही विचारावंसं वाटतं. तुम्ही दार लावून घेतलंत तर आम्ही शिकायचं कुठे? चांगल्या मनाने विचारलेला प्रश्न आणि त्या मुलाचा प्रश्न एकाच तराजूत घालू नका.

---

बांधावरचा

एसटीत शेजारी बसलेला माणूस मिरज येईपर्यंत आपलं आडनाव, गाव, पगार, शेती किती, पोरं किती, सगळं काढून घेतो. आम्हाला बरीच वर्षं मूल नव्हतं. गिरणीवर दळण घेऊन गेलं तरी बायका माझ्या बायकोला विचारायच्या, "काही आहे का?" ती घरी येऊन रडायची. तुमचा त्रास कमी लेखत नाही, पण आपल्याकडे भोचकपणा सगळ्यांच्याच वाट्याला येतो असं मला वाटतं.

---

कृष्णाकाठ

@बांधावरचा, तुमच्या पत्नीला जे सोसावं लागलं त्याचं आणि आमच्या त्रासाचं मूळ एकच आहे, हे मनापासून मान्य. पण एक फरक आहे. एसटीत तुम्ही आडनाव सांगितल्यावर कुणी "खरंच? पटत नाही" म्हणालं का? दोन मुलं म्हणालात की दोन मुलं, आणि गप्पा उसाच्या दराकडे वळतात. मी "पुरुष आहे" म्हणालो की तिथून तपास सुरू होतो. कधी कळलं, कसं कळलं, लहानपणी काही झालं होतं का, घरच्यांनी मारलं का, गोळ्या घेता का, लग्न कसं करणार. एकेक उत्तर ऐकून समोरचा मनात ठरवत असतो, हे पटलं, हे नाही. सगळं पटलं तर तो मला पुरुष मानणार, आणि कुठे अडखळलो तर मानणार नाही. मी पुरुष आहे की नाही हे त्याच्या पसंतीवर ठरावं, हेच मला सहन होत नाही.

@आडवाट, तुम्ही प्रामाणिकपणे लिहिलंत. सविस्तर उत्तर देतो, पण आधी बाकीच्यांना बोलू द्या.

---

हिरवा_चुडा

ठाण्याहून लिहितेय. मी तृतीयपंथी. गुरूच्या घरी राहते, मंगती करते म्हणजे सिग्नलला, दुकानांत पैसे मागते, आणि लग्न-बारशाला आशीर्वाद द्यायला बधाईला जाते. लिहायची सवय नाही, चुकलं तर समजून घ्या.

तुम्ही नोकरीवाले, शिकलेले. तुम्हाला निदान विचारतात तरी. आम्हाला कोण विचारतंय? सिग्नलला काच वर करतात. दुकानदार लांबूनच दहाची नोट पुढे करतो, म्हणजे मी पायरी चढायला नको. आमच्याबद्दल सगळ्यांना आधीच सगळं माहीत असतं. मुलं पळवतो, जबरदस्तीने कापतो, मेलेल्याला चपलेने मारत नेतो, असलं काय काय. या असल्या गोष्टींची उत्तरंही आम्हीच देत फिरायची का?

आम्हाला प्रश्न विचारतात ते दवाखान्यात आणि चौकीत. गेल्या पावसाळ्यात मला ताप भरला. सरकारी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर गेले. बाईने विचारलं, मेल का फिमेल. मी म्हटलं तिसरा रकाना असेल बघा. तिने शेजारच्या बाईला बोलावलं, मग दोघींनी मला खालून वर बघितलं. मागे रांग. आत गेले तर डॉक्टर पोरगाच होता. त्याने आणखी चार शिकाऊ पोरांना हाक मारली. निर्वाण (आमच्यातलं लिंग काढायचं ऑपरेशन) झालंय का, कुठे केलं, कुणी केलं, दाखवता का. माझे दात वाजत होते थंडीने. मी म्हटलं, बाळा, ताप बघ आधी. शेवटी नर्सबाई आली, तिने हात धरला, म्हणाली रक्त पाठवा हिचं. डेंग्यू निघाला. त्या बाईचं मी आजही नाव काढते.

माझी गुरू सांगायची, कुणी फार खोदायला लागलं तर टाळी दे, लगेच लांब होतील. लोकांना वाटतं आम्ही माजाने टाळी वाजवतो. ती आमची ढाल आहे.

---

नाडीपरीक्षा

मी फिजिशियन आहे. हिरवा_चुडा, तुमचा प्रतिसाद वाचून फार शरम वाटली, माझ्या व्यवसायाची. तापाच्या पेशंटला त्या खोलीत जे विचारलं गेलं त्यातला एकही प्रश्न तापाच्या निदानाला लागत नाही. प्रवास, डास, अंगावर पुरळ, लघवी किती होते, रक्तस्राव कुठून आहे का, हे विचारायचं असतं. विद्यार्थ्यांना दाखवायचं असेल तर पेशंटची परवानगी घ्यायची, हे आम्हाला पहिल्यापासून शिकवलेलं आहे.

कृष्णाकाठ यांनी सांगितलेल्या कसोटीला वैद्यकातलं एक उदाहरण जोडतो. एखादा ट्रान्स पुरुष टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी संप्रेरक घेत असेल तर त्याचं रक्त घट्ट होऊ शकतं. म्हणून आम्ही हिमॅटोक्रिट, म्हणजे रक्तातलं लाल पेशींचं प्रमाण, ठरावीक अंतराने बघतो आणि ते ५४ टक्क्यांच्या वर गेलं तर डोस कमी करतो किंवा थांबवतो. त्यामुळे इंजेक्शन चालू आहे का आणि शेवटचं कधी घेतलं, हे मी विचारणारच. पण तोच माणूस घोटा मुरगळला म्हणून आला असेल तर मी घोटा बघेन.

जागतिक आरोग्य संघटनेच्या आयसीडी-११ या आजारांच्या यादीत ट्रान्स असण्याचा विषय मानसिक आजारांच्या प्रकरणातून काढून लैंगिक आरोग्याच्या प्रकरणात ठेवला आहे, आणि ती यादी १ जानेवारी २०२२ पासून लागू झाली. आमच्यातल्या अनेक डॉक्टरांपर्यंत हे पोचलेलं नाही. ते पोचवणं हे आम्हा डॉक्टरांचं काम आहे, केसपेपरच्या रांगेत उभ्या असलेल्या पेशंटचं नाही.

---

चाफेकळी

मी ट्रान्स स्त्री, कॉलेजात शिकवते. माझं थोडं वेगळं मत आहे. मी सांगते. कॉलेजांत जाऊन, शिक्षकांच्या प्रशिक्षणात, एकदा पोलिसांसमोरसुद्धा बोलले आहे. तिथे कुणी कितीही अडाणी प्रश्न विचारला तरी मला राग येत नाही. कारण ते दोन तास मी त्यासाठीच ठेवलेले असतात. मी तयारी करून जाते, मानधन घेते, प्रश्न चिठ्ठीवर लिहून मागवते आणि ज्याचं उत्तर द्यायचं नाही ती चिठ्ठी बाजूला ठेवते. कुणी वाईट वाटून घेत नाही.

तीच मी संध्याकाळी भाजी घेत असते आणि मेथीच्या जुडीवरून मान वर करून एखादी बाई विचारते, "तुम्ही त्यातल्या का?" तेव्हा मला फक्त मेथी हवी असते. आणि उत्तर टाळलं की लगेच "बघा, किती उद्धट असतात." हे ओझं कुणी लक्षात घेत नाही. माझ्या एका दिवसाच्या वैतागाचं माप माझ्यासारख्या सगळ्यांच्या पदरात पडतं. म्हणून आजारी असले, घाईत असले, घरी भांडून आलेली असले तरी हसून बोलायचं. मला कधीतरी साधं चिडायचं आहे.

---

लातूरची_आई

माझा मुलगा ट्रान्स आहे. तो आता एकवीस वर्षांचा आहे. लोक त्याला विचारत नाहीत, मला विचारतात. लग्नात, बारशाला, देवळाच्या ओट्यावर. "कधी लक्षात आलं? तुम्ही लहानपणी मुलाचे कपडे घातलेत का? डॉक्टरला दाखवलं का? देवाचं काही राहिलंय का?" बायका जवळ येऊन, हातावर हात ठेवून विचारतात, म्हणजे दुखवायचा हेतू नसतो. पण प्रत्येक प्रश्नाच्या आत "तुझं काय चुकलं?" एवढंच असतं. काही चुकलेलं नाही. माझं लेकरू चांगलं आहे, अभ्यासू आहे, आजीचे पाय चेपून देतो.

सुरुवातीला मी सगळ्यांना समजावत बसायचे. मग एकदा तोच म्हणाला, "आई, माझ्याबद्दल तू त्यांना सांगतेस ते मला विचारून सांगत जा." तेव्हापासून कुणी विचारलं की मी म्हणते, "तो डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, नोकरी असेल तर सांगा." बहुतेक जणी गप्प होतात. एका जाऊबाईंनी मात्र खरंच भावाच्या वर्कशॉपमध्ये शब्द टाकला.

---

कलम_दोन

वकिली करतो, म्हणून जुनं थोडं सांगतो. ही विचारपूस आजची नाही. इंग्रजांच्या १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याचा दुसरा भाग खास तृतीयपंथीयांसाठी होता. त्यांची नावं आणि पत्ते नोंदवहीत लिहायचे, बाईचे कपडे घालून रस्त्यावर दिसले तर वॉरंटशिवाय अटक, दोन वर्षांपर्यंत कैद. नोंद झालेल्याला मृत्युपत्र करता यायचं नाही, मूल दत्तक घेता यायचं नाही. नाल्साच्या निकालात या कायद्याचा उल्लेख आहे. "तू कोण आहेस ते आधी आम्हाला सिद्ध करून दे" ही सवय तेव्हापासून सरकारी टेबलाला लागलेली आहे.

आपल्याच राज्यातलं उदाहरण घ्या. जळगाव जिल्ह्यातल्या भादली बुद्रुकमध्ये अंजली पाटील यांनी ग्रामपंचायतीसाठी स्त्रियांच्या राखीव जागेवर अर्ज भरला. निवडणूक अधिकाऱ्याने तो फेटाळला. त्या औरंगाबाद खंडपीठात गेल्या आणि न्यायालयाने नाल्साच्या आधारे त्यांना उभं राहू दिलं. जानेवारी २०२१ मध्ये त्या निवडूनही आल्या. गावाने मत देताना त्यांच्याकडे दाखला मागितला नाही. पण त्या निकालातही, ही ओळख त्या पुढे सोयीप्रमाणे बदलणार नाहीत, अशी नोंद आहे. इतर कुठल्या उमेदवाराकडून आपण हे वदवून घेतो?

@आडवाट, शिकायचं कुठे म्हणालात. मद्रास उच्च न्यायालयाचे न्या. आनंद वेंकटेश यांच्यापुढे २०२१ मध्ये एका समलिंगी स्त्रियांच्या जोडप्याचं प्रकरण आलं. त्यांनी आदेशातच लिहिलं की या विषयात माझेच पूर्वग्रह आहेत, ते मोडायचा प्रयत्न करतोय, आणि त्यासाठी त्यांनी मानसशास्त्रज्ञाकडे रीतसर वेळ घेतली. त्यानंतर ७ जून २०२१ चा सविस्तर आदेश आला. न्यायाधीशाच्या खुर्चीतून समोरच्या दोघींना काहीही विचारता आलं असतं. त्यांनी शिकण्याचं काम स्वतःच्या अंगावर घेतलं.

---

कृष्णाकाठ

@आडवाट, आता तुमचं उत्तर. तुमचा प्रश्न आणि त्या मुलाचा प्रश्न मी एका तराजूत घालत नाही. पण माझ्या बाजूने बघा. सुई हातात असताना समोरच्याचं मन मला दिसत नाही, फक्त प्रश्न ऐकू येतो. तो चांगल्या मनाचा आहे की माझी बदनामी करून लॅबला फोन करणारा आहे, हे मला उत्तर दिल्यावरच कळणार. एका नोकरीत असा फोन आला होता आणि ती नोकरी गेली. तेव्हा जोखीम सगळी माझी आणि कुतूहल तुमचं, असा हा सौदा होतो.

आणि चुकीचं वागू नये म्हणून फार काही माहिती लागत नाही हो. समोरच्याने जे नाव सांगितलं ते घ्यायचं. तो "आलो" म्हणाला तर "आलास का" म्हणायचं, ती "आले" म्हणाली तर "आलीस का". आपल्या भाषेत माणूस पहिल्याच वाक्यात सांगून टाकतो, कान द्यायचा फक्त. उरलेलं कुतूहल असेल तर चाफेकळींसारख्या बोलणाऱ्यांना बोलवा, त्यांचे पैसे द्या, मोकळेपणी विचारा.

@हिरवा_चुडा, तुमचं बरोबर आहे. मी लिहिलं ते नोकरीवाल्याच्या जागेवरून लिहिलं. तुम्ही लिहिलंत ते या धाग्यात सगळ्यात मोलाचं आहे. लिहीत राहा.

---

आडवाट

सगळं वाचलं. न्यायाधीशांची गोष्ट मनाला लागली. तरी माझं पूर्ण समाधान झालेलं नाही. माणसामाणसातलं बोलणं तज्ज्ञांकडे आणि व्याख्यानांकडे सोपवलं तर शेजारीपाजारी परकेच राहतील अशी भीती वाटते. आमच्या मजल्यावर एक मुलगी राहायला आली आहे. अजून फक्त लिफ्टमध्ये भेट होते. काहीच बोलायचं नाही का?

---

हिरवा_चुडा

काका, बोला ना. पाणी आलं का विचारा. दूधवाला कुठला चांगला ते सांगा. गणपतीला आरतीला बोलवा. तिला वाटलं तर ती बाकीचं सांगेल, नाहीतर नाही सांगणार. माझ्या चाळीत खालच्या वहिनी मला कधीच काही विचारत नाहीत, पण संक्रांतीला हळदीकुंकवाला हाक मारतात. त्यांना माझं सगळं माहीत आहे. मीच सांगितलं.

---

ओसरी

धागा सुरुवातीपासून वाचतेय. माझा प्रश्न व्यवहारातला आहे. आम्ही पुण्यात घराच्या वरच्या मजल्यावरच्या दोन खोल्या भाड्याने देतो. मागच्या आठवड्यात एक जण बघून गेला. आधारवर नाव वेगळं, फोटो जुना. मी काही विचारलं नाही, पण पोलीस पडताळणीचा फॉर्म भरायचा आहे, तेव्हा काय विचारू आणि काय नको? त्याला अवघडल्यासारखं होऊ नये.

---

कृष्णाकाठ

इतर भाडेकरूंना जे विचारता तेच. नोकरीचा पत्ता, आधीचं घर का सोडलं, डिपॉझिट कधी देणार. नावाचं म्हणाल तर सरळ सांगा, "फॉर्मवर आधारप्रमाणे नाव लागतं, तुमच्याकडे दुसरा कुठला कागद आहे का?" हे तुम्हाला खरंच लागणारं उत्तर आहे, त्यामुळे त्याला राग येणार नाही. जिल्हाधिकाऱ्यांचं प्रमाणपत्र किंवा राजपत्रातली नावबदलाची नोंद असेल तर तिची प्रत जोडा. नसेल तर फॉर्म आधारप्रमाणे भरा, आणि हाक मात्र त्याने सांगितलेल्या नावाने मारा. शेजाऱ्यांनी तुम्हाला विचारलं तर "भाडं वेळेवर देतो" एवढंच सांगा.

---

लातूरची_आई

ओसरीताई, दुसरी खोली रिकामी आहे का? मुलाला पुढच्या महिन्यात पुण्यात ट्रेनिंगला यायचं आहे. वर्कशॉप भोसरीला आहे. तिथून बस मिळते का, डिपॉझिट किती आणि स्वयंपाक करू देता का, ते कळवा.